सोलांजच्या बरणीतले गोटे

आमच्या गावातल्या द्राक्षमळ्यांना दगडी भिंती आहेत, गुडघ्याएवढ्या. लहान मूलही त्या सहज ओलांडतं, पण गावातला एकही पुरुष मनानं त्या कधी ओलांडत नाही. भिंतीच्या अलीकडचा मळा पेरिएर, पलीकडचा कोंब. माती तीच, ऊन तेच, गारा पडल्या तर दोन्हीकडे पडतात. तरी पेरिएरच्या वाईनला कोंबच्या वाईनचा थेंब लागला तर दोन्ही मालकांची झोप उडेल. आम्ही बर्गंडीची माणसं अशीच. सगळं वेगळं ठेवायचं, त्याला वेगळं नाव द्यायचं, वेगळ्या बाटलीत भरायचं, आणि मग शेजाऱ्याची बाटली चाखून ‘बरी आहे’ म्हणायचं. ‘बरी आहे’ याहून मोठी शिवी आमच्याकडे नाही.

अशा गावात सोलांज वेर्नोकडे एक बरणी होती, आणि त्या बरणीत सगळं एकत्र होतं.

बरणी तपकिरी, चिनीमातीची, हात आत जाईल एवढ्या तोंडाची. तळघराच्या शेवटच्या पायरीवर तिची जागा. गावात बारसं झालं, लग्न झालं, कोणी गेलं, की जेवणावळ आटोपल्यावर सोलांज मागच्या दारानं किटली घेऊन हजर. बाटल्यांच्या तळाला उरलेली वाईन ती आधी हुंगायची. बुचाचा कुबट वास लागला असेल तर तिथंच टाकून द्यायची. बाकीची किटलीत. स्वतःच्या टेबलावरच्या पेल्यांतलं उरलेलंही ती सोडायची नाही. घरी आणून सगळी बरणीत ओतायची आणि वर नदीतले धुतलेले गोल गोटे सोडायची, वाईन पार गळ्यापर्यंत चढेस्तोवर. हवा शिरायला जागा राहिली नाही की वाईन आंबत नाही. नवी वाईन आली की गोटे काढायचे, स्वयंपाकाला काढली की गोटे टाकायचे. गळ्याखाली पातळी गेलेली मी कधी पाहिली नाही, आणि बरणी पुरती रिकामी झालेलीही.

मला हे ठाऊक असायचं कारण आमचं मांसाचं दुकान चर्चच्या समोरच आहे. नवरा कापतो, मी कागदात बांधते आणि ऐकते. लोक पाद्र्याला पापं सांगतात, मला मापं सांगतात. मापांत सहसा कोणी खोटं बोलत नाही. सोलांज दर शनिवारी बैलाच्या गालाचं मांस न्यायची. कोणाला नको असलेला, चिवट, शिरांनी भरलेला तुकडा. बरणीतली वाईन आधी एकटीच उकळून अर्धी करायची, आंबटपणाकडे झुकली असेल तर गाजरं आणि कांदे वाढवायचे, मग मांस, डुकराची चरबी, एक तमालपत्र, आणि चुलीच्या मागच्या बाजूला सकाळपासून दुपारपर्यंत. चमच्यानं तुटेल असा गाल. मी चार घरची जेवणं जेवलेली बाई आहे, उगाच कोणाचं कौतुक करून माझ्या मालाचा भाव कमी करत नाही. पण त्या रश्श्याचा पावानं पुसून घेतलेला शेवटचा घास मी नेहमी जरा उशिराच गिळला आहे.

त्या वर्षी संत व्हँसाँची पाळी सोलांजची होती.

व्हँसाँ हा द्राक्षवाल्यांचा संत. लाकडाचा, हातभर उंच, हातात द्राक्षांचा घड, नाकाचा टवका उडालेला. दर जानेवारीत चर्चमधून त्याला खांद्यावरून मिरवत पुढच्या घरी नेतात आणि तो तिथं वर्षभर राहतो. ज्या घरी येतो त्या घरानं द्राक्षवाल्यांच्या मंडळातल्या सगळ्या घरांना जेवण घालायचं. सोलांजचा नवरा बाझील मंडळात आला तेव्हाच त्यानं चुलीशेजारच्या भिंतीत एक कोनाडा कोरला होता, संताच्या मापाचा, दोरीनं माप घेऊन. पाळी यायच्या आधी दोन हिवाळे तो गेला. सोलांजनं त्या कोनाड्यात कधी काडेपेटीसुद्धा ठेवली नाही. पुढची पाळी येईपर्यंत आपण बाझीलच्या शेजारी मातीत असू, हे ती स्वतःच सांगायची, भाजी महागली असं सांगावं तसं. म्हणजे संत या जानेवारीत आला तर आला.

मंडळाचा अध्यक्ष गास्पार त्रेमो. पेरिएर मळ्याचा मालक. माणूस वाईट नव्हता, हेही नोंदवते. पेरिएरचं नाव बाटलीवर छापायची परवानगी मिळवण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. त्याच्या बापाची वाईन व्यापारी पिंपात ओतून घेऊन जायचे आणि कुठं कुठं मिसळायचे. म्हणून ‘मिसळ’ हा शब्द ऐकला की गास्पारच्या मानेवरची शीर उभी राहायची. त्यातून त्या वर्षी जेवणाला शहरातून एक वर्तमानपत्रवाला येणार होता.

डिसेंबरात मी सोलांजच्या घरी चरबी पोचवायला गेले होते तेव्हा गास्पार आला. टोपी काढली, पेरिएरच्या सहा बाटल्या टेबलावर मांडल्या आणि म्हणाला, “मादाम सोलांज, जेवणासाठी. पातेल्यात घालायला.”

“पातेल्यात घालायला आहे माझ्याकडे.”

“तेच म्हणतोय. ते नको.”

सोलांज कांदे सोलत होती, सोलतच राहिली. गास्पार तिच्यासमोर लंगोटात रांगलेला, म्हणून ती त्याला अरेतुरे करी आणि तो तिला अहोजाहो. अध्यक्ष झाल्यावर त्याला ते जड जायचं, पण बदलता येत नव्हतं.

“हे बघ गास्पार,” ती म्हणाली, “जी वाईन अजून एकाही माणसासमोर बसली नाही, ती मी शिजवत नाही. या बाटल्या त्या दिवशी आण. उघडू, पिऊ, भांडू. तळाला उरेल ते बरणीत. बरणीतून पातेल्यात. ओळीनं यायचं.”

गास्पारनं मग समजुतीच्या सुरात सांगायला सुरुवात केली. वर्तमानपत्रवाला विचारणार, रश्श्यात कुठली वाईन आहे. काय सांगायचं? पेरिएर? कोंब? थिबोची, जी तो उताराच्या तळच्या पाणथळ तुकड्यातून काढतो? उभा जन्म आम्ही या वाईन वेगळ्या ठेवल्या आणि तुम्ही त्या दगडधोंड्यांसकट एका भांड्यात.

“तुझ्या आईच्या मयताच्या जेवणाचीही आहे त्यात,” सोलांज म्हणाली. “त्या दिवशी तुम्ही कोणी प्यायच्या मनःस्थितीत नव्हता. पुष्कळ उरली होती. आणि तुझ्या जावयानं साखरपुड्याला आणली होती ती.”

गास्पारचा चेहरा उतरला. “ती बोर्दोची?”

“ती कोणी तोंडाला लावली नाही. सगळीच आली माझ्याकडे.”

त्यानं आधी खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बोर्दो म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाची वाईन. ती आमच्या गावात उघडणं हीच एक घटना होती, जी सगळ्यांनी न बोलता विसरायचं ठरवलं होतं. आणि ती आता संत व्हँसाँच्या जेवणात येणार होती.

त्यानं टोपी घातली आणि शेवटचं सांगितलं. बरणी मोरीत ओतायची, त्याच्या डोळ्यांदेखत. मग संत या घरी. नाहीतर संत थिबोकडे जाईल, तशी सूचना तो सभेत मांडेल.

“नाही,” सोलांज म्हणाली आणि पुढचा कांदा घेतला.

तो गेल्यावर मी तिला व्यवहाराचा सल्ला दिला. थोडी वाईन त्याच्यासमोर ओतून दे, बाकीची बरणी आमच्या दुकानाच्या थंड खोलीत आठवडाभर राहील, कोणाला पत्ता लागणार नाही. संतही आला, बरणीही राहिली. माझ्या मते यात दोन्ही बाजू जुळत होत्या.

ती म्हणाली, “पेरीन, मी ती किटली दिवसाढवळ्या रस्त्यानं नेते. आज लपवली तर इतकी वर्षं चोरून नेत होते असं होईल.”

“आणि कोनाडा?”

“कोनाडा वाट बघतोय, मीही बघतेय. पण बरणी ओतून आलेला संत बाझीलला कसा दाखवू? तो रोज तीच वाईन जेवला.” ती त्या सहा बाटल्यांकडे बघत म्हणाली, “या त्याला परत दे जाताना. जड आहेत, हातगाडी ने.”

मी नेल्या. मंडळातल्या बायका दुसऱ्या दिवशी दुकानात आल्या तेव्हा बातमी माझ्याआधी पोचलेली होती. प्रत्येकीनं नाक मुरडलं. शी, गोटे घातलेली वाईन. आमच्याकडे बाई अख्खी बाटली उघडतात. हे म्हणताना प्रत्येकीची नजर तराजूवर. मी त्यांचं मांस बांधत होते. ज्या बाईला बुधवारी अचानक अर्धा किलो चिवट मांस लागतं, तिच्या घरी मंगळवारी पाहुणे येऊन गेलेले असतात आणि बाटलीत काहीतरी उरलेलं असतं, एवढं गणित मला येतं.

सभा जानेवारीच्या पहिल्या रविवारी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये झाली. मंडळाचे पुरुष पुढे बाकांवर, बायका मागे भिंतीला टेकून, कोट न काढता, कारण शेगडी पुढेच होती. विधवेला नवऱ्याच्या जागी बसता येतं, म्हणून सोलांज एकटी बाई पुढे बसलेली. गास्पारनं सूचना मांडली. तो चांगलं बोलला. भिंतींबद्दल, बापाबद्दल, पिंपांबद्दल. मग म्हणाला की प्रत्येक सभ्य घरात संताच्या जेवणाच्या रश्श्यात गावातलीच न उघडलेली बाटली जाते, माझ्या घरी तर दर रविवारी पेरिएरची अख्खी जाते, मी स्वतः तळघरातून काढून देतो.

मागून आर्मांद, गास्पारची बायको, म्हणाली, “देतोस.”

एवढंच. पण ज्या पद्धतीनं म्हणाली, त्यानं सगळे वळले. आर्मांद सभेत बोलणारी बाई नव्हे. तिचे गाल लाल झाले होते आणि हातमोज्यांची बोटं ती एकेक करून ओढत होती.

“देतोस खरा,” ती म्हणाली. “ती बाटली गुरुवारी शिवणाला जाते. आम्ही सहाजणी असतो, पुरते.”

कोणीतरी खोकलं. गुरुवारी शिवायला मीही जाते. मी माझ्या बुटांकडे बघितलं. शेजारच्या चौघी त्यांच्या बुटांकडे बघत होत्या.

“मग रविवारी रश्श्यात काय घालतेस?” गास्पारनं विचारलं. आवाज अध्यक्षाचा राहिला नव्हता.

“मोरीच्या ओट्याखाली, ब्रशांच्या मागे निळ्या बुचाची बाटली आहे, त्यातलं. आठवडाभरात जे जे उरतं ते.” आर्मांदनं श्वास घेतला. “बाटल्यांतलं, पेल्यांतलं. थिबो आला होता तेव्हा त्याचंही. लग्न झाल्यापासून तू तेच खातोस आणि पाहुण्यांना सांगतोस की आमच्या पेरिएरचा स्वाद लपत नाही. सोलांजची बरणी ओतायची असेल तर आधी आपली निळ्या बुचाची ओत. आणि मग सगळ्यांच्या मोऱ्यांखाली बघत जा, गावभर.”

पुरुष आपापल्या बायकांकडे वळून बघायला लागले.  एकेक चेहरा आपल्या घरचा रविवार आठवत होता.

सोलांज उठली नाही. बसल्या जागेवरून म्हणाली, “मला कोणाच्या मोरीखालचं काढायचं नव्हतं, आर्मांद. पण आता काढलंयस तर काढलंयस. मत घ्या. मी बरणी ओतणार नाही, आणि कुठली वाईन म्हणून कोणी विचारलं तर सांगेन, सगळ्यांची.”

हात वर झाले. गास्पारच्या बाजूनं थिबो, कारण संत त्याच्याकडे जाणार होता, आणि आणखी तिघे-चौघे. बाकीच्यांनी सोलांजसाठी हात वर केले; मनानं किती आणि मानेमागच्या नजरांनी किती, हे मी वेगळं काढायच्या भानगडीत पडत नाही. हात ते हात.

गास्पारनं निकाल स्वतः वाचला, तेवढा तो नियमाचा पक्का. मग कागद घडी घालून म्हणाला, “संत येईल. मी स्वतः खांदा देईन. पण माझ्या मळ्याचा एक थेंब त्या बरणीत जाणार नाही. आम्ही पेला कोरडा करून उठू. सगळे. नुसते दगड ठेवून जाऊ तुमच्याकडे.”

“पिऊन दाखव,” सोलांज म्हणाली.

संताच्या दिवशी जमीन दगडासारखी गोठलेली होती. पुरुष सावकाश चालत होते, खांद्यावर व्हँसाँ डुलत होता. सोलांजचं दार सताड उघडं आणि रश्श्याचा वास रस्त्याच्या वळणापर्यंत. कोनाडा नेमक्या मापाचा निघाला. फक्त घडाचं टोक कडेला घासलं, तेव्हा थोडं तिरकं वळवून बसवावं लागलं. सोलांजनं एकदाच हात लावून बघितलं, हलतो का. हलत नव्हता. ती चुलीकडे वळली.

पन्नासेक माणसांसाठी तिनं बरणी जवळजवळ उपसली होती. सकाळी मी तिला गोटे सोडायला मदत केली. गोट्यांवर गोटे, आणि मध्ये कुठंतरी थोडी वाईन, कशीबशी गळ्याशी आलेली. बरणी इतकी जड झाली होती की आम्ही ती दोघींनी मिळून जेवणघराच्या कोपऱ्यात आणली. “झाकून नको ठेवू,” ती म्हणाली. “दिसू दे.”

गाल चमच्यानं तुटत होता. वर्तमानपत्रवाल्यानं तिसऱ्यांदा वाढून घेतलं आणि विचारलं, रश्श्यात कुठली. सोलांजनं सांगितलं. त्यानं लिहून घेतलं की नाही मी पाहिलं नाही, कारण तोवर मंडळाचे पुरुष कामाला लागले होते. काम म्हणजे पिणं. नेहमी आमच्याकडे पेला सोडून उठणं हा मोठेपणा असतो, घरी अजून आहे हे दाखवायचा. त्या दिवशी कोणी सोडलं नाही. बाटली उघडली की तळापर्यंत. सोलांज किटली घेऊन टेबलामागून फिरायची आणि पुरुष तिला बघून पेले उलटे करून दाखवायचे, शाळेतल्या पोरांनी पाटी पुसून दाखवावी तसे. ती मान हलवायची आणि नवी बाटली उघडून द्यायची. एकेकाला त्याची बायको दंडाला धरून न्यायला लागली. थिबो कोनाड्यासमोर संताला नमस्कार करायला वाकला तो वाकलेलाच घरी गेला.

दिवे लागायच्या सुमाराला टेबलावर गास्पार एकटा उरला. त्यानं रश्श्याला हात लावला नव्हता. पाव, चीज आणि पेरिएर, एवढ्यावर दिवस काढला होता, आणि रिकाम्या पोटी ती वाईन कशी चढते हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक. त्याच्यापुढे दिवसातला शेवटचा पेला होता, अर्धा. आर्मांद त्याचा कोट हातात धरून दाराशी उभी होती. मी पातेली आवरत होते, म्हणजे एकच पातेलं पुनःपुन्हा पुसत होते. किटली कोरडी होती. बरणीत नुसते दगड आणि फटींत थोडी वाईन, आणखी गोटा मावायला जागा नाही. नवं काही आलं नाही तर ती गळ्याखाली उतरून उघडी पडणार आणि आंबणार, हे मला दिसत होतं आणि सोलांजलाही.

ती त्याच्यासमोर बसली.

“पी.”

“पितो.” त्यानं पेला उचलला, ओठांपर्यंत नेला आणि खाली ठेवला. पुन्हा उचलला. पुन्हा ठेवला. सोलांज हलली नाही. घाई कर असं तिनं म्हटलं नाही, राहू दे असंही म्हटलं नाही. तिला दया करायची नव्हती. तो तिचा अपमान झाला असता आणि त्याचाही.

गास्पार बरणीकडे बघत म्हणाला, “आत काय काय आहे अजून?”

“सांगितलं होतं.”

“आईच्या दिवसाची?”

“असणार. बरणी कधी धुतली नाही मी.”

“आणि ती बोर्दो?”

“तीही.”

त्यानं पेल्यातल्या वाईनकडे पाहिलं, मग कोनाड्यातल्या तिरक्या संताकडे. तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाला. मग दोन बोटांनी पेला टेबलावरून तिच्याकडे सरकवला.

“बोर्दो जास्त होईल,” तो म्हणाला. “ही घाल. जरा शिस्त लागेल तिला.”

आर्मांदनं कोट त्याच्या खांद्यावर टाकला. दाराशी तो थांबला आणि मागे न बघता म्हणाला की ही पेरिएर आहे, हे लक्षात ठेवा. सोलांज म्हणाली, ठेवीन. दोघं गेली.

सोलांजनं पेला उचलला, सवयीनं हुंगला, आणि बरणीत ओतला. गळ्याशी वाईन थरथरली. मग तिनं बाही वर केली, आत हात घातला आणि एक गोटा बाहेर काढून टेबलावर ठेवला.